राणीच्या जागी राणी

फोन सूनबाईंचा होता. "पिल्लू चावतं. हाक मारली तरी बघत नाही. रात्रभर रडतं. तीन आठवडे झालेत. परत देता येतं का, एवढंच विचारायचं होतं." शेवटचं वाक्य इतकं हळू आलं की मला पुन्हा विचारावं लागलं. मागे कुणीतरी असावं.

मी कुत्र्यांच्या वागण्यावर काम करतो. लोक ट्रेनर म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. अकरा आठवड्यांचं लॅब्रॅडॉर चावतं, नाव ओळखत नाही, रात्री रडतं, हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर तोंडपाठ आहे. ते तोंडपाठ उत्तर देऊन मी या घरातली पहिली भेट वाया घालवली, हे आधीच सांगून टाकतो. घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घर

चार माणसं. आजोबा ७२ वर्षांचे, मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात. या घरात तेरा वर्षं राणी होती, पिवळी लॅब्रॅडॉर. नात जन्मली तेव्हा राणी सात वर्षांची. म्हणजे राणीशिवाय घर कसं असतं हे त्या मुलीने पाहिलेलंच नव्हतं.

शेवटचे पाच महिने किडनीच्या आजारात गेले. रक्ताच्या तपासण्या, गोळ्या, आणि दिवसाआड कातडीखाली सलाईन. सुई टोचायची सूनबाईंनी, राणीचं डोकं मांडीवर धरून बसायचं आजोबांनी. एक दिवस ती उठेनाच. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन तिला मोकळं केलं. फॉर्मवर सही सूनबाईंची, कारण आजोबांनी पेन हातात घेतलं आणि तसंच परत ठेवलं.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी मुलगा ऑफिसमधून येताना आठ आठवड्यांचं पिल्लू घेऊन आला. कुणाला काही बोलला नव्हता. पिवळी लॅब्रॅडॉरच, मादीच, आणि दारातून आत येतानाच त्याने हाक मारली, "राणी आली!"

"बाबा जेवणापुरतंसुद्धा बोलत नव्हते हो," तो मला म्हणाला. "मला वाटलं, घरात पुन्हा त्या नावाची हाक ऐकू आली की..." पुढचं तो बोलला नाही. राणीचा बिछाना धुऊन तसाच ठेवलेला होता, भांडं होतं, गळ्यातला पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळला तरी सैल होत होता. सगळं तयार होतं. फक्त पिल्लू आणून ठेवायचं होतं.

आधीचा कुत्रा गेलेल्या घरात माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तो कशाने गेला? लोकांना तो कोरडा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. पार्व्होने, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराने, गेला असेल तर त्याचा विषाणू फरशीच्या भेगांत, गादीत, अंगणातल्या मातीत महिनोन्महिने टिकतो, कधी वर्षभरही. नेहमीच्या फरशी पुसायच्या औषधांना तो फारसा दाद देत नाही. घरगुती ब्लीच एकास तीस या प्रमाणात पाण्यात मिसळून दहा मिनिटं ओलं ठेवलं तर मरतो, पण गादी आणि माती काही ब्लीचने धुता येत नाही. अशा घरात लसी पूर्ण न झालेलं पिल्लू आणणं म्हणजे दुसरा घाव ओढवून घेणं. इथे तो प्रश्न नव्हता. किडनीचा जुनाट आजार भांड्याला चिकटून राहत नाही. तेवढ्यापुरती ती जुनी भांडी निर्धोक होती.

पहिली भेट

पिल्लू चावत होतं ते दमल्यामुळे, हे मला दहा मिनिटांत दिसलं. या वयाचं पिल्लू दिवसातले अठरा ते वीस तास झोपतं. हे जेमतेम अकरा-बारा तास झोपत होतं, कारण त्याला दिवाणखान्याच्या मधोमध ठेवलं होतं आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ते जागं व्हावं म्हणून धडपडत होता. झोप अपुरी पडलेलं पिल्लू पेंगत नाही, पिसाळल्यासारखं धावतं आणि दिसेल ते तोंडात घेतं. दुधाचे अठ्ठावीस दात सुईसारखे असतात, आणि नातीच्या मनगटावर त्यांची नक्षी होती.

मी वेळापत्रक लिहून दिलं. तासभर जाग, मग दीड-दोन तास क्रेटमध्ये, म्हणजे झोपायच्या पिंजऱ्यात, झोप. दात लागले की हात झटकायचा नाही, ओरडायचं नाही. खेळ थांबवून उठून जायचं आणि परत आल्यावर तोंडात खेळणं द्यायचं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच सुसूला न्यायचं. नावासाठी नेहमीचा खेळ: दिवसातून तीनदा, दर वेळी दहा हाका, मान वळली की खाऊ. चार दिवसांत पिल्लू नाव पकडतं.

आजोबा खुर्चीत बसून ऐकत होते. मी निघताना त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं असावं.

आठ दिवसांनी फोन केला. चावणं निम्म्यावर आलं होतं. रात्रीचं रडणं तसंच, नावाचा तर पत्ताच नव्हता. "तो हाकांचा खेळ आमच्याकडे होत नाही," सूनबाई म्हणाल्या.

"होत नाही म्हणजे? ते बघत नाही?"

"नाही. कुणी करतच नाही."

दुसरी भेट

या वेळी मी काहीच शिकवलं नाही. कोपऱ्यात बसलो आणि एक तास नुसता मोजत राहिलो. त्या तासात 'राणी' हा शब्द चार वेळा ऐकू आला. तीन वेळा गेलेल्या राणीबद्दल: "राणी इथेच बसायची", "हे राणीचं होतं", "राणीने कधी असं केलं नाही". चौथ्या वेळी पिल्लाला उद्देशून, चप्पल ओढली म्हणून, ओरडून. बाकी तासभर पिल्लू होतं 'ए', 'बाळा', 'शुक् शुक्' आणि 'अगं हे बघ'. आजोबांच्या तोंडी ते 'त्याला' होतं, मादी असूनही.

पिल्लू नाव ओळखत नव्हतं, कारण त्याला नाव नव्हतंच. घरात एक नाव होतं आणि ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं. मी पहिल्या भेटीत या माणसांना दिवसातून तीस वेळा ते नाव मोठ्याने, आनंदाने म्हणायला सांगून गेलो होतो.

मग नातीला पाहिलं. संध्याकाळची वेळ. ती पिल्लासमोर मांडी घालून बसली, तळहात उघडा करून पुढे धरला आणि थांबली. काही बोलली नाही. पिल्लाने तळहात हुंगला, चाटला, बोट दातात घेतलं. तिने हात मागे घेतला, फ्रॉकला पुसला, पुन्हा पुढे धरला. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी तिने पिल्लाचं डोकं ढकललं आणि उठून आत गेली. पिल्लू तिच्या मागे लुटुलुटु धावलं, तर तिने दार लावून घेतलं.

"राणी शेकहँड करायची," सूनबाई म्हणाल्या. "ही रोज संध्याकाळी असं करते."

मी दाराबाहेर फरशीवर बसलो आणि तिला विचारलं, काय झालं? बराच वेळ काही नाही. मग आतून आवाज आला: "ती मला विसरली."

घरात तिला सांगितलं होतं की राणी झोपली, खूप दमली होती म्हणून झोपली. एकोणीस दिवसांनी तोच रंग, तेच नाव, तोच बिछाना, आणि "राणी आली!" सहा वर्षांच्या डोक्याने याचा लावला तो अर्थ अगदी बरोबर होता. राणी झोपून उठली, लहान होऊन आली आणि येताना सगळं विसरली. मृत्यू उलटा फिरत नाही, त्यात शरीराचं काम थांबतं आणि तो प्रत्येकाला येतो, ही समज मुलांना साधारण पाच ते सात या वयात हळूहळू येते. त्याच उंबरठ्यावर असलेल्या मुलीला आम्ही मोठी माणसं उलटी साक्ष देत होतो. 'झोपली' हा शब्द मी मुलांसमोर कुणालाच वापरू देत नाही. काही मुलं त्यानंतर रात्री झोपायलाच घाबरतात. या घरात तेवढं झालं नव्हतं, पण मुलगी रोज संध्याकाळी एका पिल्लाची परीक्षा घेत होती आणि रोज ते नापास होत होतं.

खिशातली लीश

मुलाचं मत होतं की बाबा अजून 'डिनायल'मध्ये आहेत, राणी गेली हे मानतच नाहीत. दुःखाचे पाच टप्पे असतात, हा पहिला. हे पाच टप्पे मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटतात. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी ते १९६९ मध्ये मांडले, तेही स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी कोणत्या तारखेला कोणत्या पायरीवर असावं याचा तो तक्ता नाही. नेदरलँड्समध्ये काम करणारे संशोधक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये सांगितलेलं मला जास्त खरं वाटतं: माणूस गेलेल्याकडे आणि समोरच्या कामाकडे असे हेलकावे खातो, एकाच दिवसात अनेकदा, आणि ते हेलकावेच त्याला सावरतात. आजोबांना हेलकावा घ्यायला घरात जागाच नव्हती. राणीकडे वळावं तर समोर पिल्लू, पिल्लाकडे वळावं तर तोंडात राणीचं नाव.

ते पहाटे साडेपाचला फिरायला जातात, राणी होती तेव्हापासून. मी विचारलं, उद्या मी येऊ का? पिल्लू न घेता. "या," म्हणाले.

अर्धा रस्ता आम्ही गप्प चाललो. एका झाडापाशी ते सवयीने थांबले. उजवा हात खिशातच होता. मग त्यांनी तो बाहेर काढला, तर हातात गुंडाळलेली लीश, राणीला फिरवायची दोरी. कापडी, धरायची जागा घामाने काळी पडलेली. "हे घरी ठेवलं तर त्याला लावतील," ते म्हणाले.

चालता चालता दोन गोष्टी कळल्या. पहिली पाण्याची. आजार कळायच्या आधीचे काही महिने राणी पाणी जास्त पीत होती. दिवसातून एकदा भरायचं भांडं दोनदा भरावं लागत होतं. "मला बरं वाटायचं. म्हटलं, तब्येत छान आहे, पाणी पितेय." जास्त पाणी पिणं हे किडनीच्या आजाराचं लक्षण आहे, हे नंतर कळलं तेव्हापासून ते स्वतःला माफ करू शकलेले नव्हते.

दुसरी गोष्ट त्यांनी घरात कुणालाच सांगितली नव्हती. इंजेक्शननंतर डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून 'गेली' असं सांगितलं आणि त्यानंतर, आजोबांचा हात तिच्या छातीवर असताना, राणीने एक मोठा श्वास घेतला. एकच. डोळे उघडेच होते. "तिला जायचं नव्हतं हो. आम्ही घाई केली."

इथे मात्र मला ठाम बोलता आलं. त्या इंजेक्शनमध्ये भुलीच्या औषधाचा मोठा डोस असतो. काही सेकंदांत शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. हृदय थांबल्यावरही कधी कधी श्वासासारखी एखादी उबळ येते, स्नायू थरथरतात, सुसू होते. त्या शरीराच्या प्रतिक्षिप्त क्रिया असतात. त्या घडताना जाणीव शिल्लक नसते. डोळे बहुतेक वेळा उघडेच राहतात. हे सगळं इंजेक्शनच्या आधी सांगायला हवं. या घराला कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्या मते डॉक्टरांची ही चूक लहान नाही. दोन मिनिटांचं बोलणं वाचलं आणि एक माणूस जवळजवळ सात आठवडे तो श्वास हातात घेऊन फिरत राहिला.

पाण्याचंही सांगितलं. कुत्र्याच्या किडन्यांमध्ये राखीव क्षमता इतकी असते की साधारण पाऊण काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसतच नाही. पाणी वाढलं त्या आठवड्यात धावत गेले असते तरी आजार तेव्हाही जुनाच होता. थोडा वेळ मिळाला असता, सुटका झाली नसती. ते ऐकत होते की नाही, कळलं नाही. फक्त विचारलं, "हे डॉक्टर स्वतः सांगतील?" दोन दिवसांनी मुलगा त्यांना दवाखान्यात घेऊन गेला आणि डॉक्टरांनी सांगितलं. माझ्यापेक्षा त्यांनी सांगण्याचा उपयोग जास्त झाला.

फिरायला येणाऱ्या ओळखीच्या लोकांपैकी एकाने त्यांना सुरुवातीलाच "कुत्रंच तर होतं, दुसरं आणा" असं सुचवलं होतं. ज्या दुःखाला आजूबाजूचे दुःख मानत नाहीत, त्याबद्दल शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये लिहिलंय. असं दुःख माणूस उघड करत नाही, खिशात ठेवतो. आजोबांच्या बाबतीत हे शब्दशः खरं होतं.

परत देण्याचा प्रश्न

सूनबाईंनी फोनवर जे हळू आवाजात विचारलं, त्यावर घरात अजून कुणी बोललं नव्हतं. चौघांना एकत्र बसवून मीच विषय काढला. पिल्लू परत देणं पाप नाही. ज्याच्याकडून आणलं तो घ्यायला तयार असेल, किंवा दुसरं चांगलं घर मिळत असेल, तर बारा आठवड्यांचं पिल्लू ते सहज पचवतं. वर्षभर ओढाताण करून मग दिलं तर पचवत नाही.

सूनबाई रडल्या. पाच महिने सुया टोचून झाल्यावर राणी गेली त्या रात्री त्या सलग सात तास झोपल्या होत्या आणि सकाळी उठल्यावर स्वतःचीच लाज वाटली होती. दीर्घ आजारी जनावर गेल्यावर सुटल्यासारखं वाटणं याइतकी नेहमीची गोष्ट नाही, पण ती कुणी बोलत नाही. मग एकोणिसाव्या दिवशी त्यांच्या हातात पुन्हा रात्रपाळी आली, न विचारता. मुलगा चकित झाला. पिल्लू आणणारा तो; रात्री दर दोन-तीन तासांनी उठणाऱ्या त्या.

मुलाला वाईट ठरवायची माझी इच्छा नाही. वडील घरात असून नसल्यासारखे झालेत हे त्याला दिसत होतं आणि त्याला करता येण्यासारखं तेवढंच सुचलं. चूक सरप्राइजची होती. कुत्रा ही अचानक द्यायची वस्तू नाही, शोकात असलेल्या घराला तर नाहीच. आणि चूक नावाची होती. मूल गेल्यावर त्याच्याजागी म्हणून जन्माला घातलेल्या मुलांवर त्या गेलेल्याची सावली कशी पडते, हे अल्बर्ट आणि बार्बरा केन यांनी १९६४ मध्ये नोंदवलं होतं. पिल्लावर तेवढं ओझं येत नाही, त्याला भूतकाळ ठाऊक नसतो. ओझं येतं ते त्याच्याकडे बघणाऱ्यांवर.

जाता जाता: तोच प्राणी परत मिळवायची इच्छा माणसाला प्रयोगशाळेपर्यंत घेऊन गेली आहे. २००१ च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये पहिली क्लोन मांजर जन्मली. मूळ मांजर तिरंगी होती, क्लोन पांढरी आणि करड्या पट्ट्यांची. जनुकं तीच, पण केसांचा रंगसुद्धा तसाच उतरला नाही. २००५ मध्ये सोलला पहिला क्लोन कुत्रा झाला. तो रूपाने सारखा होता, पण रूप म्हणजे शेकहँड नव्हे.

मी चौदा दिवस मागितले. त्यानंतर परत द्यायचं ठरलं तर सगळी व्यवस्था मी लावून देईन, असा शब्द दिला. परतीचं दार उघडं आहे हे कळल्यावर सूनबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. पुढच्या कामाला ते फार उपयोगी पडलं.

घाईचं कारण वेगळं होतं. कुत्र्याचं पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात जग ओळखून घेतं: माणसं, आवाज, वाहनं, दुसरी कुत्री. अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांच्या गटाने हे दाखवून दिलं. १९६१ च्या एका प्रयोगात चौदा आठवडे माणसांपासून दूर राहिलेली पिल्लं पुढे माणसाळली नाहीत. हे पिल्लू घरात राहत होतं, पण खिन्न घरात, एका खोलीत, आणि बारावा आठवडा लागला होता. आजोबांना वर्ष लागलं तरी चालणार होतं. पिल्लाकडे दोन आठवडे होते.

काय केलं

आधी नातीला खरं सांगितलं. तिच्या आईनेच सांगितलं: राणी मेली, तिचं शरीर थांबलं, ती परत येणार नाही, हे दुसरं पिल्लू आहे, याची आई वेगळी, हिने राणीला कधी पाहिलेलंच नाही. मुलगी खूप रडली. मग विचारलं, "म्हणजे हिला शेकहँड येतच नाही?" येत नाही, तुला शिकवावं लागेल. हे तिला लगेच पटलं.

नाव तिनेच बदललं. पिल्लू बिछान्यावर बसायच्या आधी स्वतःभोवती गोल गोल फिरायचं, म्हणून भिंगरी. 'राणी'शी उच्चार जुळू नये, एवढीच माझी अट होती. नाव बदललं तर पिल्लू गोंधळेल का, असं मुलाने विचारलं. गोंधळायला आधीचं नाव कळलेलं तरी हवं! पाचव्या दिवशी ती शेजारच्या खोलीतून 'भिंगरी' ऐकून धावत आली.

राणीचं सामान आजोबांच्या ताब्यात दिलं. काय ठेवायचं, काय द्यायचं ते तेच ठरवतील. लीश त्यांचीच. भिंगरीला नवं भांडं, नवा पट्टा आणि बिछाना दुसऱ्या खोलीत. आजोबांच्या खुर्चीशेजारचा राणीचा कोपरा रिकामा ठेवला. पिल्लू तिथे पुन्हा पुन्हा सुसू करत होतं, घरच्यांना तो अपमान वाटत होता. कारण साधं होतं: शेवटच्या दिवसांत राणीला तिथेच व्हायचं आणि फरशीच्या सांध्यांत वास राहिला होता. अमोनियाचं क्लीनर वापरलं की वास वाढल्यासारखा होतो, कारण लघवीलाही तोच दर्प असतो. एन्झाइमवालं क्लीनर सांध्यांत मुरू दिलं, तीन वेळा. मग थांबलं.

रात्री मुलाच्या. क्रेट त्याच्या पलंगाशेजारी, हात खाली सोडला तर पिल्लाला लागेल इतकी जवळ. आई-भावंडांच्या ढिगाऱ्यात झोपलेल्या जिवाला एकदम एकट्या खोलीत टाकलं तर ते रडणारच. ते सवय लावून घेणं नव्हे, ती भीती असते. चौथ्या रात्री ती एकदाच उठली.

बाहेर न्यायचं ते कडेवर. लसी सोळा आठवडे होईपर्यंत टप्प्याटप्प्याने चालतात, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या लसींना निष्प्रभ करू शकते; तोवर अनोळखी कुत्र्यांच्या वावराच्या जागी जमिनीवर सोडायचं नाही. पण कडेवरून जग दिसतं, ऐकू येतं, हुंगता येतं. नात आणि सूनबाई रोज वीस मिनिटं तिला घेऊन कोपऱ्यावर उभ्या राहायच्या. सूनबाईंना हे काम आवडलं. यात सुई नव्हती.

आजोबांना काहीही काम दिलं नाही. मुलाने दोनदा "बाबा, जरा घ्या ना हिला" असं केलं, दोन्ही वेळा मी त्याला थांबवलं. ते त्यांचं फिरणं एकटेच करत राहिले.

पिल्लू आणण्याआधी "किती दिवस थांबावं?" हे मला सगळे विचारतात. महिना, सहा महिने, वर्ष. या घराने सहा महिने थांबून त्याच रंगाचं, त्याच नावाचं पिल्लू तसंच दारात आणलं असतं तर मला हाच फोन आला असता. मी आता उलट विचारतो: कोणाला हवंय, रात्री कोण उठणार, आणि गेलेल्याचं नाव घरात न अडखळता घेता येतं का?

पुढे

चौदाव्या दिवशी परत द्यायचा विषय कुणी काढला नाही. मीच काढला, कारण शब्द दिला होता. नात माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागली की मी तो तिथेच मिटवला.

सोळाव्या आठवड्यात भिंगरीला शेकहँड येत होतं, पण डावा पंजा. राणी उजवा द्यायची. नातीने हे मला स्वतः येऊन सांगितलं, जणू तिनेच मुद्दाम तसं शिकवलं असावं.

आजोबांचं आणि भिंगरीचं सूत जुळलं असं मी म्हणणार नाही. ती त्यांच्या पायाशी येऊन बसते, ते पाय हलवत नाहीत, एवढंच. तिच्याबद्दल बोलताना 'तुमची भिंगरी' म्हणतात. फिरायला अजून एकटेच जातात. मात्र एक काम त्यांनी आपणहून घेतलं. सकाळी मापाच्या जगने तिच्या भांड्यात पाणी भरतात, रात्री उरलेलं मोजतात आणि किती प्यायली ते वहीत लिहितात. वही राणीच्या सलाईनच्या नोंदींचीच आहे, मागच्या बाजूने उघडलेली. हे चांगलं की वाईट, यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. सूनबाईंना ते खटकतं. मी त्यांना म्हटलं, तूर्त राहू द्या.

मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊला आजोबांचा फोन आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"आज अकराशे मिली प्यायली. काल नऊशे होतं."

वजन विचारलं. सोळा किलो. आज दिवसभर काय केलं विचारलं. ऊन होतं, नातीबरोबर तासभर चेंडूमागे धावली. किलोमागे दिवसाला शंभर मिलीच्या वर गेलं तर काळजी करतात, म्हणजे हिच्यासाठी सोळाशे. अकराशे नेहमीचंच आहे, मी म्हटलं.

"सोळाशे," त्यांनी म्हटलं. पेनाची खरखर ऐकू आली. "मग ठीक आहे." आणि फोन ठेवला.